धातू का तुटतो? बेलव्ह्यूची क्रेन आणि यंत्रभागांच्या अपयशाचा शोध

वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू शहराच्या मध्यवर्ती भागात १६ नोव्हेंबर २००६ रोजी संध्याकाळी २१० फूट उंचीची एक टॉवर क्रेन शेजारच्या इमारतींवर कोसळली. स्वतःच्या घरात असलेला ३१ वर्षांचा एक रहिवासी त्यात मृत्युमुखी पडला. क्रेनचा चालक मात्र बचावला. ‘टॉवर ३३३’ या ज्या इमारतीसाठी ही क्रेन उभारलेली होती, तिच्यात पुढे अनेक वर्षे एक्सपेडिया कंपनीचे मुख्यालय होते.

राज्याच्या श्रम व उद्योग विभागाची चौकशी अखेर क्रेनच्या तळाशी येऊन थांबली. टॉवर क्रेन सहसा काँक्रीटच्या भक्कम पायावर उभी करतात. येथे ती पोलादी तुळयांच्या चौकटीवर उभी होती. चौकटीची रचना सदोष होती आणि वारंवार बदलणाऱ्या भारामुळे धातू थकून तिला तडे गेले होते.

थकवा म्हणजे काय?

तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवल्यास तुटते. यंत्रभागांचेही तसेच होते. क्रेनचा हात फिरला की तिच्या तळाच्या ज्या बाजूवर दाब होता तेथे ओढ येते आणि ओढ होती तेथे दाब येतो. प्रत्येक भार धातूच्या सहनशक्तीपेक्षा कमी असला, तरी तीक्ष्ण कोपरा, वेल्डिंगची कड, बोल्टचे छिद्र किंवा गंजाचा खड्डा अशा ठिकाणी ताण एकवटतो आणि तेथून सूक्ष्म भेग सुरू होते. ती हळूहळू वाढत जाते. उरलेला भाग भार पेलण्यास अपुरा पडला की शेवटचा तुकडा क्षणार्धात तुटतो. म्हणूनच पाहणाऱ्याला अपघात अचानक झाल्यासारखा वाटतो. रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून या प्रक्रियेचा पद्धतशीर अभ्यास जर्मन अभियंता ऑगस्ट वोलर याने एकोणिसाव्या शतकातच केला होता.

तुटलेल्या पृष्ठभागाचे वाचन

अपयशाचा तपास तुटलेल्या पृष्ठभागापासून सुरू होतो. थकव्याने तुटलेल्या भागावर बहुधा शिंपल्यावरच्या वलयांसारख्या रेषा दिसतात आणि त्यांचा उगमबिंदू भेग कोठे सुरू झाली ते दाखवतो. अतिभाराने तुटलेला लवचिक धातू तुटण्यापूर्वी ताणला जातो. त्याचा पृष्ठभाग निस्तेज व तंतुमय दिसतो. ठिसूळपणे तुटलेला भाग चकाकतो आणि फारसा वाकलेला नसतो. त्यापुढील तपशील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, काठिण्यमापन व रासायनिक विश्लेषण यांतून मिळतात.

हा पुरावा नाजूक असतो. तुटलेले दोन तुकडे जुळतात का, हे एकमेकांवर ठेवून पाहणे, पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासणे किंवा त्याला हात लावणे टाळावे लागते. प्रथम छायाचित्रे घ्यावीत आणि तुकडे कोरडे, वेगवेगळे गुंडाळून ठेवावेत. सोबत यंत्राची देखभाल-नोंद, भाराचा इतिहास आणि मूळ आराखडाही तितकाच आवश्यक असतो.

झीज: दुसरे उदाहरण

प्रत्येक अपयशामागे थकवाच असतो असे नाही. ३१ जानेवारी २००० रोजी सिएटलस्थित अलास्का एअरलाइन्सचे २६१ क्रमांकाचे विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ८८ जण मरण पावले. विमानाच्या शेपटीतील आडवा पंख वर-खाली करणाऱ्या स्क्रूच्या नटाचे आटे झिजून नाहीसे झाले होते. स्क्रूच्या कामाच्या भागावर प्रभावी वंगण उरलेले नव्हते. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपुऱ्या वंगणामुळे झालेली अतिझीज हे कारण ठरवले. वंगण घालण्याच्या आणि झीज मोजण्याच्या कामांतील अंतर कंपनीने वाढवले होते व नियामकाने त्यास मान्यता दिली होती, याकडेही मंडळाने लक्ष वेधले. नटाचे आटे पूर्णपणे गेल्यास विमान सांभाळेल अशी पर्यायी व्यवस्था मूळ रचनेतच नव्हती.

दोन्ही घटनांत धातूच्या दोषापलीकडे निर्णयाचा दोष होता. एकीकडे आराखडा तयार करताना, तर दुसरीकडे देखभालीचे वेळापत्रक ठरवताना तो घडला. त्यामुळे ‘काय तुटले’ याचे उत्तर मिळाल्यावर ‘ते वेळीच का कळले नाही’ हा प्रश्न विचारल्याशिवाय तपास पूर्ण होत नाही.

प्रतिबंध

प्रतिबंधाची सुरुवात आराखड्यापासून होते. तीक्ष्ण कोपऱ्यांना गोलाई देणे, वेल्डिंग अतिताणाच्या जागेपासून दूर ठेवणे आणि एक भाग तुटला तरी दुसरा भार पेलेल अशी योजना करणे, हे तिचे प्रमुख भाग आहेत. वापरात असलेल्या यंत्रांची तपासणी भाग न तोडता करता येते. पृष्ठभागावरील भेगा रंगीत द्रव किंवा चुंबकीय कणांनी, तर आतील भेगा अल्ट्रासोनिक लहरींनी सापडतात. किती काळाने तपासायचे हे भेगेच्या वाढीच्या वेगावरून ठरवावे लागते: भेग दिसू लागल्यापासून ती धोकादायक होईपर्यंत किमान दोन तपासण्या झाल्या पाहिजेत, असा ढोबळ नियम आहे.

बेलव्ह्यूच्या अपघातानंतर २००७ मध्ये वॉशिंग्टन राज्याने क्रेन-सुरक्षेचा कायदा केला. क्रेनचे प्रमाणीकरण आणि चालकांची पात्रता १ जानेवारी २०१० पासून सक्तीची झाली. प्रमाणित नसलेल्या पायाची स्वतंत्र अभियंत्याकडून तपासणी करण्याची अटही आली. तरीही २७ एप्रिल २०१९ रोजी सिएटलमध्ये क्रेन कोसळून चौघांचा मृत्यू झाला. त्या वेळी क्रेन उतरवली जात होती आणि सांध्यांच्या खिळा वेळेआधीच काढल्या गेल्या होत्या. पहिल्या अपघातातून आलेले नियम दुसऱ्या प्रकारचा अपघात रोखू शकले नाहीत. म्हणून यंत्र उभारण्यापासून उतरवण्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी लागते.