आज्ञापालन (ख्रिस्ती सद्गुण)

आज्ञापालन : परमेश्वराच्या आणि त्याच्या नावाने रीतसर अधिकार चालवणाऱ्या व्यक्तीच्या आज्ञेप्रमाणे स्वखुशीने वागण्याची वृत्ती. ख्रिस्ती धर्मशास्त्रात हिला सद्गुण मानतात. व्रतस्थ जीवनात, म्हणजे संन्यासी, ब्रदर, सिस्टर आणि संघांतले फादर यांच्या जीवनात, दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीचे हे तिसरे व्रत आहे. भीतीपोटी किंवा नाइलाजाने केलेले काम आज्ञेबरहुकूम झाले तरी ते या सद्गुणात मोडत नाही. ख्रिस्ती परंपरेतल्या थोर विचारवंतांनी आज्ञापालनाची मर्यादा त्याच्या व्याख्येतच घातली आहे. जिथे ती विसरली गेली, तिथे हाच सद्गुण जुलमाचे हत्यार झाला. मराठी ख्रिस्ती इतिहासात या मर्यादेची कसोटी वारंवार लागली आहे.

पित्याच्या शब्दाखातर वनवास पत्करणारा राम आणि पित्याचा हुकूम झुगारणारा प्रल्हाद हे दोघेही मराठी वाचकाला सारखेच वंद्य आहेत. पवित्र शास्त्रातही हा ताण आहे. अब्राहाम मुलाचे अर्पण करण्याच्या आज्ञेलाही मान देतो, म्हणून तो विश्वासणाऱ्यांचा पिता ठरतो. शौल राजाने आज्ञा मोडून यज्ञासाठी जनावरे राखली, तेव्हा देवाला होमबलीपेक्षा आज्ञापालन अधिक प्रिय आहे, असे शमुवेल संदेष्ट्याने त्याला सुनावले. नव्या कराराच्या केंद्रस्थानी ख्रिस्ताचे आज्ञापालन आहे : गेथशेमाने बागेत तो दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना करतो आणि पित्याची इच्छा स्वीकारतो. आदामाच्या आज्ञाभंगाने बिघडलेले ख्रिस्ताच्या आज्ञापालनाने सावरले, अशी मांडणी पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात केली आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर पुत्र असूनही ख्रिस्त दुःख सोसून आज्ञाधारकपणा शिकला, असे म्हटले आहे. दुसऱ्या बाजूला ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पेत्र आणि इतर प्रेषित यरुशलेमच्या धर्मसभेला ठणकावतात, की माणसांपेक्षा देवाचे ऐकणे आम्हाला भाग आहे. पुढच्या काळातल्या अनेक ख्रिस्ती बंडांनी याच प्रसंगाचा आधार घेतला.

चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी आज्ञापालनाला साधनेचे रूप दिले. गुरूच्या सांगण्यावरून वाळक्या काठीला वर्षानुवर्षे पाणी घालणाऱ्या योहान नावाच्या शिष्याची कथा तिथलीच. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठासाठी लिहिलेल्या नियमावलीत तत्काळ आज्ञापालनाला मोठे स्थान दिले. पण हीच नियमावली सांगते, की महत्त्वाच्या प्रश्नावर मठाधिपतीने सर्वांना बोलवावे आणि धाकट्याचेही ऐकावे, कारण देव पुष्कळदा धाकट्यालाच योग्य ते सुचवतो. अशक्य काम सांगितले गेले तर अडचण शांतपणे मांडावी, आणि बंधूंनी एकमेकांचेही ऐकावे, असेही तीत आहे. या तरतुदी अनेक संक्षिप्त परिचयांतून गळतात, त्यामुळे मठजीवन म्हणजे एकतर्फी हुकूमशाही असा समज होतो.

तात्त्विक बाजू सर्वांत स्पष्टपणे मांडली ती तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने. त्याने आज्ञापालनाला न्याय या सद्गुणाच्या छत्राखाली ठेवले. श्रद्धा, आशा आणि प्रीती हे दैवी सद्गुण त्याहून वरचे. कोणत्याही माणसाची आज्ञा दोन ठिकाणी संपते, असे तो सांगतो. ती वरच्या अधिकाराच्या, अंतिमतः देवाच्या, आज्ञेविरुद्ध असेल तेव्हा. आणि आज्ञा देणाऱ्याच्या अधिकारक्षेत्राबाहेरची असेल तेव्हा. मनाच्या आतल्या हालचालींवर माणसाचा अधिकार चालत नाही. शरीराच्या मूलभूत बाबींत सगळी माणसे निसर्गतः समान आहेत. म्हणून लग्न करावे की अविवाहित राहावे याबाबत नोकर मालकाला आणि मुले आईबापांना बांधलेली नाहीत, असे तो लिहितो. तेराव्या शतकातला हा विचार आजही आपल्याकडच्या अनेक घरांना पचलेला नाही. नियमबाह्य गोष्टींतही डोळे मिटून ऐकणाऱ्याच्या वृत्तीला त्याने अविवेकी आज्ञापालन म्हटले आणि ते सद्गुणातून वगळले.

येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने २६ मार्च १५५३ रोजी पोर्तुगालमधील संघबंधूंना पाठवलेले पत्र या विषयावरचा सर्वांत प्रभावी आणि सर्वांत वादग्रस्त दस्तऐवज आहे. आज्ञा कृतीत आणणे ही पहिली पायरी, आपली इच्छा वरिष्ठाच्या इच्छेशी जुळवणे ही दुसरी, आणि आपले मतही त्याच्या मताशी जुळवणे ही तिसरी, अशी त्याची मांडणी आहे. तिसऱ्या पायरीवर टीकाकारांनी सर्वाधिक बोट ठेवले. मात्र वेगळे मत असल्यास ते प्रार्थनापूर्वक वरिष्ठाकडे मांडण्याची मुभा त्याच पत्रात आहे. गोव्याशी जोडलेला प्रसंग या आज्ञापालनाची तीव्रता दाखवतो. १५४० मध्ये हिंदुस्थानला जायला नेमलेला इग्नेशियसचा सोबती निकोलस बोबादिया आजारी पडला, तेव्हा ऐनवेळी दुसरा सोबती फ्रान्सिस झेवियर याला सांगण्यात आले आणि दोनएक दिवसांत त्याने रोम सोडले. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला. पुढे जून १५५३ मध्ये इग्नेशियसने त्याला आज्ञापालनाच्या नावाने युरोपात परत बोलावले. पण झेवियर आदल्या डिसेंबरात, ३ तारखेला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला होता.

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) कॅथलिक कॅथेड्रलला ज्याचे नाव आहे तो संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) इग्नेशियसहून वेगळ्या स्वभावाचा. तो जिनिव्हाचा बिशप. पण जिनिव्हा प्रॉटेस्टंटांच्या हाती असल्याने अ‍ॅनसीत राहणारा. १६०४ मध्ये त्याची जेन द शांताल या तरुण विधवेशी भेट झाली. तिच्या आधीच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाने तिला शपथांनी जखडले होते : त्याचेच ऐकायचे, त्याला कधी सोडायचे नाही, त्याने सांगितलेले कोणाला कळू द्यायचे नाही, आणि आपल्या मनातले दुसऱ्या कोणाशी बोलायचे नाही. फ्रान्सिसने तिला या शपथांतून मोकळे केले. १४ ऑक्टोबर १६०४ च्या पत्रात त्याने तिला आपला नियम कळवला : सारे प्रेमाने करावे, बळजबरीने काही नको, आज्ञा मोडण्याच्या धाकापेक्षा आज्ञापालनाची आवड मोठी असावी. १६१० मध्ये या दोघांनी मिळून व्हिजिटेशन हा स्त्रियांचा संघ स्थापन केला. आज्ञापालनावरच्या साऱ्या ख्रिस्ती वाङ्मयात हे पत्र सर्वांत माणुसकीचे आहे, असे म्हणायला हरकत नाही. कारण त्याची सुरुवात कोणाला बांधण्यापासून नव्हे, सोडवण्यापासून होते.

फ्रान्सिस द सेल्सच्या नावाचा मिशनरी संघ पीटर मेर्मिए याने १८३८ मध्ये अ‍ॅनसीतच काढला. या संघाचे फ्रान्सलियन फादर १८४५ मध्ये हिंदुस्थानाकडे निघाले. विशाखापट्टणम, नागपूर या वाटेने त्यांचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठवाड्यात घोगरगावपर्यंत पोचले. १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावतीतून वेगळा काढून औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला.

प्रॉटेस्टंट विचाराने मठातली व्रतेच नाकारली. मार्टिन ल्यूथरने १५२१ मध्ये मठव्रतांवर टीकेचा ग्रंथ लिहिला. श्रद्धेने मुक्त झालेला माणूस प्रेमाने सर्वांचा सेवक होतो, ही त्याची भूमिका. पण पोपच्या जागी आईबाप आणि राजा यांचे आज्ञापालन मात्र त्याने अधिक घट्ट केले, आणि याचे परिणाम जर्मनीला पुढे भोगावे लागले, असे त्याचे टीकाकार मानतात.

महाराष्ट्रात आईबापांच्या आज्ञेचा प्रश्न १८४३ मध्ये थेट न्यायालयात गेला. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे १२, हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले. पुढे त्याला जातीत परत घेण्यावरून वाद पेटला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली. सज्ञान नारायणाचे वागणे आणि अजाण श्रीपतचे वागणे यांत अक्वायनसनेही फरक केला असता. नारायण शेषाद्री यांनीच पुढे जालना इथे मिशनचे काम उभारले आणि शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली.

या विषयाला महाराष्ट्राकडून मिळालेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) इंग्लंडमधला पत्रव्यवहार. १८८२ मध्ये वैधव्य आलेल्या रमाबाई पुढल्या वर्षी वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांकडे गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी तिथे बाप्तिस्मा घेतला. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा स्नेह होता आणि तितकाच तंटाही. ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य, अथनासियसचा मतांगीकार यांवर त्या शंका घेत. क्रुसावरचा लेख लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नको, असे विचारत. चेल्टनहॅममध्ये त्यांनी तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा बेत निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. सिस्टर जेराल्डीन यांना हा प्रश्न आज्ञाधारकपणाचा वाटला : रमाबाईंनी आपल्यावरच्या अधिकाऱ्यांचे ऐकावे, न ऐकणे म्हणजे अहंकार. रमाबाईंनी १८८५ च्या मे महिन्यातल्या उत्तरात सांगितले, की ख्रिस्ताच्या मंडळीची मी सभासद आहे. पण बिशप आणि पाद्री यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. हिंदू पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे जू घेणार नाही. त्याच वेळी देवाच्या आज्ञेपुढे त्या निःशंक वाकत होत्या, आणि देवाची आज्ञा व माणसाची आज्ञा यांत भेद करण्याचा हक्क आपल्या सदसद्विवेकाचा, असे मानत होत्या.

सिस्टर जेराल्डीन वाईट नव्हत्या. रमाबाईंवर त्यांची माया होती आणि हा पत्रव्यवहार त्यांनीच जपला, म्हणून तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध होऊ शकला. पण धर्मतत्त्वांच्या दृष्टीने पाहिले तरी रमाबाईंची बाजू भक्कम आहे. कोणत्या विद्यार्थ्यांना भाषा शिकवावी हा बिशपांच्या अधिकाराचा विषय कसा, या प्रश्नाला वाँटेजकडून समाधानकारक उत्तर आले नाही. शिवाय रमाबाई चर्चच्या सभासद असल्या तरी आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या नव्हत्या. व्रतस्थांचा नियम त्यांना लावणे मुळातच चुकीचे होते. फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला निघाल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन आणि पुढे केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले ते कोणत्याही चर्चच्या हुकुमाशिवाय.

रेव्ह. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) हाच प्रश्न पगाराच्या बाजूने पाहिला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचा शिष्य आणि परदेशी मिशनचा नोकर या दोन नात्यांत आज्ञेचा घोटाळा होतो, हे त्यांना दिसले होते.

विसाव्या शतकात या सद्गुणाची प्रतिष्ठा ढासळली. जर्मन पाद्री डीट्रिख बोनहोफर याने १९३७ मध्ये श्रद्धा आणि आज्ञापालन एकमेकांपासून तोडता येत नाहीत असे प्रतिपादले, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी नाझी राजवटीने त्याला फाशी दिले. युद्धानंतर डोरोथे झ्यॉले या विदुषीने विचारले, की हुकुमाप्रमाणे छळछावण्या चालवणारी माणसे ज्या सद्गुणात वाढली, तो सद्गुण ख्रिस्ती लोकांनी अजून कसा गिरवावा? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या व्रतस्थ जीवनावरील आदेशपत्रात वरिष्ठांनी व्रतस्थांना परमेश्वराची लेकरे म्हणून वागवावे आणि त्यांचे मनापासून ऐकावे, असे सांगितले. २०१९ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंकडून सिस्टरांचे लैंगिक शोषण झाल्याचे उघड मान्य केले. आज्ञापालनाच्या आडोशाने काय दडपले जाऊ शकते, हे त्यातून जगापुढे आले.

आजचा कॅथलिक कायदा १९८३ च्या संहितेत आहे. व्रत घेण्यापूर्वी किमान १२ महिन्यांची नवदीक्षा. मग तात्पुरती व्रते, १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नाहीत. आजन्म व्रते २१ च्या आत नाहीत. कलम ६०१ प्रमाणे वरिष्ठ संघाच्या घटनेनुसार आज्ञा देतो तेव्हाच व्रत बंधनकारक असते. कलम ६३० वरिष्ठाला कोणाच्याही मनातले गुपित त्याच्याकडून काढून घेण्यास मनाई करते. धर्मग्राम (पॅरिश) सांभाळणाऱ्या फादरने दीक्षाविधीत बिशपच्या हातांत हात देऊन आज्ञापालनाचे वचन दिलेले असते, तरी त्याची बदली करताना बिशपने प्रस्ताव लेखी द्यावा लागतो. फादर तयार नसेल तर त्याची कारणे लेखी घेऊन दोन अन्य फादरांसोबत विचार करावा लागतो. सिस्टरांच्या बाबतीत कायदा दुबळा आहे. संघ सोडणाऱ्या सिस्टरला तिथे केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येत नाही, असे कलम ७०२ म्हणते; तिच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावे, एवढीच अपेक्षा त्यात पुढे जोडली आहे. शाळेत किंवा दवाखान्यात वीस-पंचवीस वर्षे राबलेल्या बाईला उद्याच्या भाकरीची शाश्वती नसेल, तर तिचे ऐकणे किती स्वखुशीचे, हा प्रश्न या कलमाने उघडा ठेवला आहे.