गोपिकाबाई पेशवे

गोपिकाबाई पेशवे : (सु. १७२४–१७८८). भट घराण्यातील तिसरा पेशवा ⇨ बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब याची पत्नी आणि विश्वासराव, माधवराव व नारायणराव यांची माता. वाईच्या भिकाजी नाईक रास्ते यांची ती मुलगी. रास्ते घराण्याचे मूळ आडनाव गोखले असून सावकारी व सरदारकी या दोन्ही नात्यांनी ते सातारच्या दरबारात प्रतिष्ठा पावलेले होते. ११ जानेवारी १७३० रोजी तिचा नानासाहेबाशी विवाह झाला. त्या वेळी वधूवर दोघेही बालवयाचे होते. १७४० मध्ये पहिल्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर नानासाहेबास पेशवेपदाची वस्त्रे मिळाली आणि गोपिकाबाई पेशव्याची पत्नी झाली. पुढे एकवीस वर्षे ती या स्थानावर होती. त्यानंतरची सुमारे सत्तावीस वर्षे तिने वैधव्यात काढली व त्यांतील बहुतेक काळ नासिकच्या पश्चिमेस, सातपूरच्या परिसरात गोदावरीकाठच्या गंगापूर येथे घालविला.

पेशव्याच्या पत्नीस काटेकोर अर्थाने राणी म्हणता येत नाही. पेशवा हा छत्रपतींचा मुख्य प्रधान. सिंहासन साताऱ्यास होते आणि राणीपदाचा मान तेथील राजस्त्रियांचा होता. राजारामाच्या निधनानंतर १७०० ते १७०७ या काळात ⇨ ताराबाईने अल्पवयीन पुत्राच्या नावाने मोगलांशी लढा दिला, तो याच अधिकाराने. शाहूच्या मृत्यूनंतर (डिसेंबर १७४९) मात्र परिस्थिती पालटली. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर राज्यकारभाराची सूत्रे पुण्यास आली, शनिवारवाडा हे सत्तेचे केंद्र बनले आणि त्या वाड्यातील थोरल्या स्त्रीस राजपत्नीचे स्थान आपोआप प्राप्त झाले. या स्थानाला पद नव्हते आणि कागदोपत्री नेमलेला अधिकारही नव्हता. यूरोपातील राजघराण्यांत राजपत्नीचे मान, तिचा स्वतंत्र परिवार आणि वैधव्यातील तनखा ही सर्व कायद्याने किंवा विवाहसमयीच्या करारांनी ठरलेली असत. चौदावा लूई अल्पवयीन असताना १६४३ मध्ये त्याची माता ॲन ऑफ ऑस्ट्रिया राजप्रतिनिधी झाली, तीही अशाच रूढ मार्गाने. पुण्यात असा मार्ग आखलेला नव्हता. तेथे स्त्रीचा प्रभाव पती, पुत्र व माहेरचे सरदार यांच्याद्वारे चाले आणि ती माणसे दुरावली की तो संपुष्टात येई.

आरंभीची बरीच वर्षे गोपिकाबाईस वाड्यातही पहिले स्थान नव्हते. नानासाहेबाची आजी राधाबाई १७५३ पर्यंत हयात होती. तिचा दरारा एवढा, की १७३५ मध्ये ती उत्तरेकडे तीर्थयात्रेस निघाली असता राजपूत राजांनी तिचा सन्मानाने पाहुणचार केला आणि त्या यात्रेचा पेशव्यांच्या राजकारणास उपयोग झाला. सासू काशीबाई हिचे निधन १७५८ मधले. म्हणजे घरातील वडीलकी गोपिकाबाईकडे पूर्णपणे आली, ती पतीच्या कारकीर्दीच्या अखेरच्या तीन वर्षांत. या मुदतीतच पानिपत घडले. त्यामुळे तिच्याविषयीचे पुष्कळसे बरेवाईट मत या तीन वर्षांवरूनच बनलेले आहे.

तिच्यावरील पहिला मोठा आरोप पानिपतशी निगडित आहे. मोहिमेच्या यशाचे श्रेय एकट्या सदाशिवरावभाऊस मिळू नये व आपल्या पुत्राचा हक्क सुरक्षित राहावा, म्हणून तिने कोवळ्या विश्वासरावास उत्तरेत पाठविण्याचा आग्रह धरला, असे परंपरा सांगते. पेशव्यांच्या घरात चुलतभावांची स्पर्धा होती, हे खरे. १७५० मध्ये सदाशिवरावास कोल्हापूरकरांकडून पेशवाईचे बोलावणे आले होते आणि नानासाहेबाने त्यास पुण्याचा कारभार देऊन ते प्रकरण मिटविले होते. पुत्राच्या वारशाविषयी मातेने जागरूक राहावे, अशीच ही परिस्थिती होती. तथापि विश्वासरावाची रवानगी केवळ तिच्या हट्टाने झाली, असे मानण्याचे कारण नाही. पेशव्याच्या वारसाने मोहिमेचे नाममात्र नेतृत्व करावे, ही रीत तोवर रुळलेली होती. १७५७ मध्ये निजामाविरुद्धच्या सिंदखेडच्या मोहिमेतही विश्वासरावच नावाचा सेनापती होता. १४ जानेवारी १७६१ रोजी तो पानिपतावर पडला. पराभवाचा दोष कोणावर तरी टाकणे भाग होते, आणि अंतःपुरातील स्त्रीकडून त्याचे खंडन होण्याचा संभव नव्हता.

त्या लढाईच्या काही दिवस आधी, २७ डिसेंबर १७६० रोजी, नानासाहेबाने पैठण येथे दुसरा विवाह केला. वधू राधाबाई ही तेथील वाखरे सावकारांची अल्पवयीन मुलगी होती. तीस वर्षे संसार केलेल्या, तीन पुत्रांच्या मातेचे स्थानही किती अनिश्चित होते, हे या प्रसंगावरून कळते. पुढे सहा महिन्यांच्या आत, २३ जून १७६१ रोजी, नानासाहेब पुण्यास पर्वतीवर मरण पावला.

यानंतरच्या दोन वर्षांत गोपिकाबाईच्या सार्वजनिक भूमिकेचा खरा कस लागला. माधवराव सोळा वर्षांचा होता. त्याच्या नावाने कारभार कोणी पाहावा, या प्रश्नाला दोन उत्तरे संभवत होती : माता किंवा चुलता. पेशव्यांच्या घरात कर्ता पुरुष हयात असताना विधवेने राज्यसूत्रे हाती घेण्याची प्रथा नव्हती. साहजिकच अधिकार ⇨ रघुनाथराव याच्याकडे गेला. येथे समकालीन ⇨ अहिल्याबाई होळकर हिची तुलना उद्‌बोधक ठरते. १७६७ मध्ये इंदूरच्या दौलतीवर रघुनाथरावाची दृष्टी गेली असता तिने त्यास निर्धाराने तोंड दिले व माधवरावाच्या संमतीने दौलत स्वतःकडे राखली. तिच्या बाजूस सासऱ्याचा वारसा व होळकरांचे सैन्य होते आणि घरात तुल्यबळ पुरुष दावेदार नव्हता. गोपिकाबाईपाशी बुद्धी व करारीपणा होता, पण सैन्य नव्हते. आणि दावेदार त्याच वाड्यात राहत होता.

ती स्वस्थ मात्र बसली नाही. पुत्राचा अधिकार लवकर प्रस्थापित व्हावा, म्हणून तिने आपल्या विश्वासातील माणसे कारभारात आणण्याचा प्रयत्न केला. रघुनाथरावाला हे सहन झाले नाही. नोव्हेंबर १७६२ मध्ये चुलत्यापुतण्यांत उघड युद्ध होऊन आळेगाव येथे माधवरावाने शरणागती पतकरली. पुढच्या मे महिन्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले. तेव्हा पेशव्यांच्या कुटुंबास सिंहगडाचा आश्रय घ्यावा लागला. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन येथे निजामाचा पराभव झाला आणि त्यानंतर राज्याची सूत्रे क्रमाने तरुण पेशव्याच्या हाती आली. मातेचा हेतू सफल झाला खरा, परंतु त्याच सुमारास तिला पुणे सोडावे लागले. युद्धात कसूर करणाऱ्या एका रास्ते मामास माधवरावाने दंड केला आणि तो माफ होत नाही असे पाहून गोपिकाबाई रागाने निघून गेली, अशी कथा रूढ आहे. नाटककादंबऱ्यांनी ती घरोघरी पोहोचविली. एका दंडावरून असे कायमचे स्थलांतर घडले, हे पटण्यासारखे नाही. चुलत्याच्या पालकत्वातून नुकताच सुटलेला पेशवा दुसरे पालकत्व, मग ते आईचे का असेना, मानण्यास तयार नव्हता. घराचा व दरबाराचा असा भेद त्या वाड्यात अद्याप कोणी केलेला नव्हता; तो प्रथम माधवरावाने केला व त्याची किंमत मातेस द्यावी लागली.

तिने नासिक निवडले, यात नवल नव्हते. अठराव्या शतकाच्या मध्यास हे तीर्थक्षेत्र मोगल–निजामांच्या अंमलातून मराठ्यांकडे आल्यापासून पेशवे व त्यांचे सरदार यांनी तेथे मंदिरे व घाट उभारले. त्र्यंबकेश्वराच्या मंदिराच्या बांधणीस नानासाहेबानेच आरंभ केला होता. विधवा स्त्रीने गंगातीरी वास करावा, हे धर्मदृष्ट्या प्रशस्त आणि राजकीय दृष्ट्या सर्वांस सोयीचे होते. गंगापूर येथे राहून ती स्नान, पूजा व दानधर्म करीत असे. पुत्राशी तिचा पत्रव्यवहार चालू राही आणि स्वाऱ्यांच्या वार्ता तिला कळत.

दैवगती अशी, की तिच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याचे बिऱ्हाडही तेथून काही मैलांवर येऊन थांबले. सातपूरच्या उत्तरेस गोदावरीच्या तीरावर चावंडस नावाचे खेडे होते. रघुनाथरावाने तेथे वाडा बांधला आणि आपली पत्नी ⇨ आनंदीबाई हिच्यावरून गावास आनंदवल्ली असे नाव दिले, असे मानतात. ओकांच्या घराण्यातील ही स्त्री रघुनाथरावाची दुसरी पत्नी. राज्याचा निम्मा वाटा मागणारा रघुनाथराव आनंदवल्लीस राहून सैन्य जमवीत असे. जून १७६८ मध्ये जिल्ह्यातील धोडप किल्ल्यापाशी माधवरावाने त्याचा पराभव करून त्यास पुण्यास नजरकैदेत ठेवले. गंगापूर व आनंदवल्ली ही एकाच नदीच्या एकाच काठावरील गावे. एकीकडे सत्ता सोडून आलेली पेशव्याची माता व दुसरीकडे सत्तेची वाट पाहणारी भावी पेशव्याची पत्नी, असे चित्र त्या दशकात दिसत होते.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावाचे क्षयाने निधन झाले व त्याची पत्नी रमाबाई सती गेली. धाकटा नारायणराव पेशवा झाल्यावर थोड्याच महिन्यांत मातेच्या भेटीसाठी गंगापूरला येऊन गेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याचा खून केला. तिन्ही पुत्र गमावलेल्या गोपिकाबाईने पुढे भिक्षा मागून निर्वाह केला, असे परंपरा सांगते. शनिवारवाड्यात राहण्यास ती परत गेली नाही.

या खुनाचा दोष लोकमानसाने आनंदीबाईवर ठेवला. नारायणरावास धरण्याच्या हुकमातील ‘धरावे’ या शब्दाचे तिने ‘मारावे’ केले, ही ‘ध चा मा’ची कथा मराठीत वाक्प्रचारच होऊन बसली. असा फेरफार केलेला कागद उपलब्ध नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष रघुनाथरावाच्या पदरी घातला व त्यास देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही गोष्ट मात्र सर्वमान्य आहे. कट रघुनाथरावाच्या नावाने व त्याच्या सुटकेसाठी झाला. त्यातील क्रूर शब्द तेवढा पत्नीच्या वाट्याला आला. फ्रान्समध्येही असेच घडले. उपाशी प्रजेला पावाऐवजी केक खाण्यास सांगितल्याचे वाक्य मारी आंत्वानेत या राणीच्या तोंडी घालण्यात आले. वस्तुतः रूसोने आपल्या आत्मचरित्रात ते एका अनामिक राजकन्येविषयी लिहिले, तेव्हा आंत्वानेत बालवयाची होती व फ्रान्समध्ये आलीही नव्हती. ऑक्टोबर १७९३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. अधिकारपद नसलेल्या, पण अधिकाराच्या निकट असलेल्या स्त्रीभोवती अशा कथा सहज जमतात. ‘ध चा मा’च्या कथेत तरी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की, पेशव्याच्या कुटुंबातील स्त्री लिहितीवाचती होती व तिचा हात राज्याच्या कागदापर्यंत पोहोचू शके. एवढ्यापुरती ती कथाही पुराव्याच्या कोटीत बसते.

नारायणरावाची विधवा गंगाबाई गर्भवती होती. ⇨ नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी तिला पुरंदरावर नेऊन तिच्या नावाने कारभार चालविला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावाचा जन्म झाला. मातेच्या नावाने राज्य चालविण्याची जी सोय १७६१ मध्ये कोणास सुचली नाही, ती या वेळी मुत्सद्द्यांनी अंगीकारली. कारण आता चुलता शत्रू होता आणि गंगाबाई अननुभवी होती. करारी गोपिकाबाईस जे मिळाले नाही, ते निरुपद्रवी गंगाबाईस नावापुरते मिळाले. १७७७ मध्ये तिचेही निधन झाले.

पोरक्या नातवाशी गोपिकाबाईचा संबंध पत्रांतून राहिला. कसे वागावे, असे बाळपेशव्याने विचारले असता तिने त्यास उपदेशाचे एक पत्र धाडले. पहाटे उठणे, स्नानसंध्या, अध्ययन, वडीलधाऱ्यांशी विनयाने वागणे व कारभाराकडे स्वतः लक्ष देणे, असा त्याचा रोख आहे. दोन पेशवे घडविण्याचा अनुभव असलेल्या स्त्रीचे हे लेखन असल्याने त्यात कोरडा धर्मोपदेश थोडा व राजपुत्राच्या दिनचर्येची व्यवहारी शिस्त अधिक आढळते. तिच्या सार्वजनिक जीवनाचा हा शेवटचा, आणि कदाचित एकमेव निर्विवाद, दस्तऐवज होय. नासिकच्या रामकुंडाच्या दुरुस्तीशीही तिचे नाव जोडले जाते. १७८८ मध्ये ती मरण पावली. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या भरात असता राजप्रतिनिधी कोणी व्हावे, यावर तेथील पार्लमेंटमध्ये वाद झाला आणि राजाच्या देहाची काळजी राणी शार्लटकडे व मर्यादित राज्याधिकार युवराजाकडे, अशी वाटणी सुचविण्यात आली. राजा बरा झाल्याने ती अमलात आली नाही.

रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगाव येथे वारला होता. आनंदीबाई व तिची मुले यांना नाना फडणिसाने पहाऱ्यात ठेवले व पुढे आनंदवल्लीस आणले. मार्च १७९४ मध्ये ती तेथेच निधन पावली आणि मुलांना जुन्नरकडे हलविण्यात आले. त्यांतील दुसरा बाजीराव १७९६ मध्ये पेशवा झाला. सातपूर येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औद्योगिक वसाहत उभी राहिली, तर गंगापूरजवळ गोदावरीवर मातीचे धरण बांधण्यात आले. आनंदवल्ली व सातपूर आता नासिक महानगराचे भाग आहेत.