‘महानिर्वाण’ नाटकाची वही व कीर्तनाची चौकट

बखर, करीना, महजर, तहनामा यांचे रुमाल मिळविण्यासाठीं आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं उन्हातान्हांत कोसच्या कोस पायपीट केली आहे. परंतु नाटकमंडळीची वही, तांबड्या शाईनें खोडलेली, समासांत सूचना लिहिलेली, चहाचे डाग पडलेली, हीहि इतिहासाची सामग्री होय, हें त्यांतील फारच थोड्यांस मान्य होईल. आमच्या परिचयाच्या एका हौशी मंडळीच्या अशा वह्यांची आख्खी ट्रंक रद्दीवाल्याकडे गेली, आणि ती गेल्याचें आम्हांस कळलें तेव्हां त्या कागदांच्या पुड्याहि बांधून संपल्या होत्या. म्हणून प्रस्तुत टिपणांत आम्ही पुण्यांतील एका नाटकाचें उदाहरण घेतों: सतीश आळेकर यांचें ‘महानिर्वाण’.

प्रथम कालनिर्देश. १६ डिसेंबर १९७२ रोजीं प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन या पुण्याच्या संस्थेनें भरत नाट्य मंदिरांत विजय तेंडुलकरांचें ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणलें. वाद माजला व १९ प्रयोगांनंतर संस्थेनें तें थांबविलें. (नाना फडणविसांच्या त्या चित्रणाविषयीं पुष्कळ शाई खर्च झाली आहे, तींत येथें भर घालीत नाहीं.) प्रयोग चालूच राहावे असें म्हणणारी मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजीं त्यांनीं थिएटर ॲकॅडमी स्थापिली. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या ‘सत्यकथा’ मासिकांत ‘महानिर्वाण’ एकांकिकेच्या रूपानें प्रसिद्ध झालें. पुढें लेखकानें तें वाढवून पूर्ण नाटक केलें व २२ नोव्हेंबर १९७४ रोजीं ॲकॅडमीनें त्याचा पहिला प्रयोग भरत नाट्य मंदिरांतच केला. दिग्दर्शन लेखकाचें, भाऊरावाच्या भूमिकेंत चंद्रकांत काळे.

कथावस्तु थोडक्यांत अशी. चाळींत राहणारा भाऊराव मरतो आणि स्वतःच्या मरणाचें आख्यान स्वतःच, कीर्तनकाराच्या थाटांत, लावूं लागतो. पत्नी रमाबाई आक्रोश करते, शेजारी गोळा होतात, मुलगा नाना येतो. भाऊरावाचा हट्ट असा कीं, आपणांस जुन्याच स्मशानांत जाळावें. तें तर बंद झालेलें. प्रेत खोळंबतें. पुढें पिंडाचा प्रसंग येतो, तेथेंहि कावळा शिवत नाहीं. हंसावें कीं रडावें हें प्रेक्षकास शेवटपर्यंत ठरवितां येत नाहीं, आणि नटांचीहि खरी परीक्षा तेथेंच आहे. नट किंचित् थट्टेकडे झुकला कीं प्रहसन होतें. गंभीर झाला कीं सर्व डोलारा कोसळतो.

समीक्षकांनीं हें नाटक असंगत नाट्याच्या सदरांत घातलें. त्या पंथाचें मुख्य नाटक, बेकेटचें ‘गोदो’, पॅरिस येथें ५ जानेवारी १९५३ रोजीं प्रथम झालें व मार्टिन एसलिनच्या १९६१ सालच्या ग्रंथानें पंथास नांव मिळालें. मराठींत चिं. त्र्यं. खानोलकरांचें ‘एक शून्य बाजीराव’ १९६६ सालीं रंगभूमीवर येऊन गेलें होतें. तेव्हां हें सदर खोटें नव्हे. पण तेवढ्यावर थांबल्यास नाटकाचा अर्धा इतिहास गळतो असें आमचें मत आहे.

मेलेला मनुष्य आपल्याच मरणाची गोष्ट कशी सांगतो, ही अडचण युरोपीय नाटककारास रूढ संकेत मोडूनच सोडवावी लागली असती. येथें तो संकेत अगोदरच तयार होता. लहानपणीं देवळांत ज्यांनीं नारदीय कीर्तनें ऐकलीं त्यांस निराळें सांगावयास नको. एक मनुष्य उपरणें घेऊन उभा राहतो. पेटी व तबला साथीस. पूर्वरंगांत निरूपण, मग नामाचा गजर, मग उत्तररंगांत आख्यान. त्या आख्यानांत तोच राजा, तोच राणी, तोच मारणारा व तोच मरणारा; आणि मेल्यावर पुढच्याच क्षणीं साकी किंवा दिंडी म्हणून कथा पुढें नेणाराहि तोच. यांत श्रोत्यांस कधीं कांहीं विसंगत वाटलें नाहीं. भाऊराव बोलूं लागला तेव्हां पुण्याच्या प्रेक्षकानें त्याचें बोलणें चटकन् स्वीकारलें याचें कारण आम्हांस येथें दिसतें.

संस्कृताचा अभ्यासक येथें आणखी मागें जाऊं पाहील. ‘भाण’ या रूपकांत एकच विट रंगमंचावर येतो व न दिसणाऱ्या माणसांचीं वाक्यें आपणच उच्चारून त्यांस उत्तरें देतो. १९२२ सालीं छापलेल्या ‘चतुर्भाणी’मुळें हा प्रकार आधुनिक वाचकांस नीट कळला. रंगमंचावर मरण दाखवूं नये असा शास्त्राचा दंडक असतां ‘ऊरुभंगां’त दुर्योधन सर्वांसमक्ष प्राण सोडतो. असे दाखले जमवून भाणापासून ‘महानिर्वाणा’पर्यंत वंशावळ काढण्याचा मोह आम्हांसहि झाला. तो आम्हीं आवरला. साम्य म्हणजे परंपरा नव्हे. मधली एकेक कडी दाखवितां आली पाहिजे. कीर्तनाची कडी मात्र नाटकाच्या अंगावरच आहे, ती कोणीं शोधून काढावी लागत नाहीं.

दुसरी कडी अंत्यविधीची. गरुडपुराणाच्या प्रेतखंडाप्रमाणें मृताचा जीव लागलीच निघून जात नाहीं. दहा दिवस रोज एक पिंड द्यावयाचा, त्यानें प्रेताचा एकेक अवयव घडतो, पुढें सपिंडीकरण झाल्यावर तो पितरांत जातो. हेंच पुराण सुतकाच्या दिवसांत घरीं वाचण्याची चाल आहे. म्हणजे ऐकणारांच्या समजुतीप्रमाणें मृतहि तेथेंच कोठें तरी बसून ऐकत असतो! भाऊरावाच्या घोटाळण्यास शास्त्राचा आधार आहे तो असा. विधींची टवाळी केली म्हणून या नाटकावर रागावणाऱ्यांनीं याचा विचार करावा. ज्यास विधींचें कांहींच वाटत नाहीं त्याच्या दृष्टीनें कावळा न शिवणें ही घटनाच नव्हे. हें नाटक भाऊरावाच्या हट्टाला पूर्ण वजन देतें आणि नगराची बदललेली व्यवस्था त्याच्या समोर उभी करतें. आम्ही यास उपहास म्हणत नाहीं.

आतां संहितेचा मुख्य मुद्दा. गणपतिशास्त्री यांनीं १९१२ पासून अनंतशयन ग्रंथमालेंत भासाचीं म्हणून तेरा नाटकें छापलीं, तेव्हां पंडितांत जो वाद उठला त्याचें मूळ हेंच होतें कीं, हातीं आलेला पाठ कवीचा कीं केरळांतील नटांनीं प्रयोगासाठीं कांटछांट केलेला. कवीची प्रत एकीकडे व नटांची वही दुसरीकडे अशीं दोन साधनें हातीं असतीं, तर त्या वादांतील पुष्कळ पानें लिहावीं लागलीं नसतीं. ‘महानिर्वाणा’च्या बाबतींत ही सोय आपल्या हयातींत करून ठेवणें शक्य आहे. मासिकांतील एकांकिका हा पहिला पाठ. ग्रंथरूपानें छापलेलें नाटक हा दुसरा. गौरी देशपांडे यांनीं केलेलें व १९८९ सालीं कलकत्त्याहून निघालेलें इंग्रजी भाषांतर हें तिसरें साधन. १९९९ सालीं, पंचविसाव्या वर्षीं, मूळ नटसंचानें नाटक पुन्हा उभें केलें. तेव्हां १९७४ व १९९९ या दोन्ही वेळच्या वह्या, चालींच्या नोंदी, प्रयोगांचीं हस्तपत्रकें व ध्वनिमुद्रणें हें चौथें साधन, आणि आमच्या मतें सर्वांत मोलाचें. साकी कागदावर सारखीच दिसते. ती कोणत्या चालीवर, कोणत्या लयींत व कोठें थांबून म्हटली यावर हंशा कीं स्तब्धता तें ठरतें, आणि तें छापील पुस्तकांत येत नाहीं.

‘सत्यकथा’ १९८२ सालीं बंद पडली. तिचे जुने अंक घरोघरच्या माळ्यांवरून आतां रद्दींत जात आहेत. ज्यांच्या संग्रहीं नोव्हेंबर १९७३ चा अंक असेल त्यांनीं तो कव्हरासह, जाहिरातींचीं पानें न फाडतां ठेवावा. पुण्याबाहेरच्या हौशी मंडळींनीं हें नाटक केलें असल्यास त्यांच्या वह्यांची नक्कल करून घ्यावी, व खोडलेला मजकूर वाचतां येत असेल तर तोहि निराळ्या शाईनें उतरावा.