मावशीचं जातं

आमचा पुतण्या रॉक संगीताचा भक्त. त्याच्याकडून बीटल्स मंडळींचा एक तंटा ऐकला. 1969 साली चौघांनी ठरवलं, की स्टुडिओतली कलाकुसर पुरे. समोर बसून वाजवू, तेच टेपवर घेऊ. पण 1970 मध्ये 'लेट इट बी' निघाली, तेव्हा फिल स्पेक्टर नावाच्या गृहस्थाने काही गाण्यांवर व्हायोलिनांचा ताफा आणि गाणाऱ्या बायका आणून बसवल्या होत्या. पॉल मॅकार्टनी संतापला. शेवटी 2003 साली साज उतरवून ती गाणी पुन्हा विकायला काढली. म्हणजे गिऱ्हाइकाने एकदा फोडणीच्या वरणाचे पैसे दिले आणि एकदा साध्या वरणाचे!

मला आमच्या जळगावच्या बहिणाबाई आठवल्या. असोद्याची लेक, जन्म 1880. अक्षरओळख नाही. गाणी सुचायची ती जात्यावर, शेतात, हात कामात असताना. मुलगा सोपानदेव वगैरेंनी टिपली म्हणून उरली. 1951 मध्ये बाई गेल्या, 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं आणि 1961 च्या 'मानिनी'त वसंत पवारांच्या चालींवर ती गाणी वाद्यांसकट घरोघर पोचली. गोडच आहेत, मीही न्हाणीघरात म्हणतो. पण इथे साज उतरवला तर खाली काय सापडणार? बाईंचा आवाज घरघरीतच विरला.

हे शहाणपण मला आयुष्यात एकदाच वेळेवर सुचलं. 1983 च्या उन्हाळ्यात उसना टेपरेकॉर्डर घेऊन एस.टी.ने धुळ्याला मावशीकडे गेलो. म्हटलं, ओव्या म्हण. पण जात्याशिवाय तिला ओवी फुटेना. शेवटी पायलीभर दादर दळायला काढली. कॅसेटवर घरघर आली, बांगड्या आल्या, शेजारचा कोंबडा आला आणि ऐन ओवीत माझी शिंकही आली.

परवा पुतण्याने ती कॅसेट कॉम्प्युटरवर चढवून 'साफ' केली. घरघर गेली, बांगड्या गेल्या, शिंकही गेली (तिचं दुःख नाही). उरला एक बारीक आवाज, मधेच विनाकारण थांबणारा. जात्यात वैरण घालायला घेतलेली ती उसंत. आता वाटे, बाई ओवी विसरली.

नव्वदी ओलांडलेल्या मावशीने कान देऊन सगळं ऐकलं.

"भाऊ, मन्हं जातं कथा गयं?"

पुतण्याने निमूट मूळ कॅसेट लावली. शिंक आली तशी टेपवरची मावशी खुदकन हसली आणि खाटेवरचीही.