एका कर्नलमध्ये दोन यंत्रं

पॅकेट योग्य पत्त्यावर पोहोचतं का, हे तपासायला किमान दोन यंत्रं लागतात. मध्ये राउटर असेल तर तीन. एकाच यंत्रावर भागवायचं म्हटलं तर काय होतं पाहा. लिनक्सच्या एका संगणकात दोन नेटवर्क कार्डं बसवली, एकाला 192.0.2.1 आणि दुसऱ्याला 192.0.2.2 पत्ता दिला, दोन्ही केबलने जोडली आणि पिंग केलं, की उत्तर लगेच येतं. पण केबल उपटली तरीही ते येतंच! कर्नल पॅकेट बाहेर काढण्याआधी आपलं ‘लोकल’ राउटिंग टेबल बघतो. दुसरा पत्ताही आपलाच आहे हे तिथे दिसताच पॅकेट लूपबॅकवरून परस्पर स्वतःकडे वळवतो. ते कसंबसं तारेवर घातलंच, तर पलीकडच्या कार्डावर प्रेषकाच्या जागी स्वतःचाच पत्ता पाहून तो पॅकेटला ‘मार्शियन’ ठरवतो आणि टाकून देतो.

यात कर्नलचं काहीच चुकत नाही. पत्ते, राउटिंग टेबलं, इंटरफेसची यादी हे सगळं ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं होतं, कारण एका कर्नलचं नेटवर्क एकच असणार, हे सर्वांनी धरूनच चाललं होतं. एकाच यंत्रावरच्या नेटवर्क चाचणीची खरी कुळकथा हे गृहीतक मोडण्याची आहे.

क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठाचे मार्को झेक यांनी 2003 साली युसेनिक्सच्या परिषदेत फ्रीबीएसडीसाठी एक काम मांडलं. त्यात एकाच कर्नलमध्ये नेटवर्क स्टॅकच्या अनेक प्रती नांदत होत्या, प्रत्येकीचे पत्ते आणि राउटिंग वेगळं. पुढे ते ‘व्हीनेट’ म्हणून रुजलं. मात्र फ्रीबीएसडीच्या नेहमीच्या कर्नलमध्ये ते आपोआप चालू मिळायला 2018 चं 12.0 उजाडावं लागलं.

लिनक्समध्ये हीच कल्पना आली ती कंटेनरच्या गरजेतून. एका सर्व्हरवरच्या प्रत्येक कंटेनरला स्वतःचं नेटवर्क हवं होतं. एरिक बीडरमन आणि इतरांच्या खटपटीतून जानेवारी 2008 च्या 2.6.24 मध्ये नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे कर्नलमधलं असं स्वतंत्र नेटवर्क, येऊ लागली. त्याच आवृत्तीत ओपनव्हीझेड या कंटेनर प्रकल्पाच्या पावेल एमेल्यानोव्ह यांनी लिहिलेलं ‘व्हेथ’ आलं: दोन टोकांची आभासी केबल, एका टोकातून घातलेलं पॅकेट दुसऱ्यातून बाहेर. चाचणी लिहिणाऱ्यांना यापेक्षा मोठी देणगी मिळाली नसती, असं मला वाटतं. दोन नेमस्पेस उघडा, मध्ये व्हेथ जोडा, पत्ते द्या, पिंग करा, निकाल नोंदवा. नेमस्पेस पुसली की आतले पत्ते, राउट, केबल सगळं नाहीसं होतं, आणि पुढची चाचणी कोऱ्या पाटीवर सुरू होते. शेलची साधी स्क्रिप्ट हे सगळं माणसाविना, हव्या तितक्या वेळा करते.

या स्क्रिप्टमध्ये सारखा दिसणारा 192.0.2.0/24 हा पट्टा मुद्दाम राखून ठेवलेला आहे. 2010 च्या आरएफसी 5737 नुसार तो आणि आणखी दोन पट्टे उदाहरणांसाठी बाजूला काढलेले आहेत. त्यामुळे स्क्रिप्टमधला पत्ता खऱ्या कुणाचा निघण्याची भीती नाही.

खरी कसोटी बारकाव्यांत लागते. इंटरफेस प्रशासकाने बंद केला तर त्यावरचा आयपीव्ही4 राउट टेबलातून गेला पाहिजे. पण नुसता सिग्नल गेला तर राउट राहिला पाहिजे, ‘लिंकडाउन’ अशी खूण घेऊन. हा फरक हाताने तपासणारा माणूस दहाव्या वेळी कंटाळेल. स्क्रिप्ट कंटाळत नाही, म्हणूनच कोड बदलताना हा नियम नकळत मोडला गेला तर तो तिथेच पकडला जातो.

नेमस्पेस एका ठिकाणी मात्र अडते. हार्डवेअर स्विचच्या चिपचे पोर्ट एका नेमस्पेसमधून दुसरीत हलवता येत नाहीत. म्हणून लिनक्सच्या फॉरवर्डिंग चाचण्या व्हीआरएफ वापरतात, म्हणजे एकाच नेमस्पेसमध्ये वेगवेगळी राउटिंग टेबलं. तीच स्क्रिप्ट व्हेथच्या जोड्यांवर चालते आणि खऱ्या स्विचवरही. तिथे पोर्ट एकमेकांना केबलने जोडून घ्यायचे आणि त्यांची नावं कॉन्फिग फाइलमध्ये भरायची.