बंद करा (मेनूतील आज्ञा)

संगणकावर उघडलेली फाइल, तिची विंडो किंवा सबंध प्रोग्रॅम मिटवण्यासाठी मेनूत दिलेली आज्ञा. या तीन कृती वेगळ्या आहेत. आज्ञेवर क्लिक करण्याआधीच त्यांतली कोणती होणार हे कळले पाहिजे.

ॲपलच्या लिसा संगणकावर (१९८३) कागद नुसता बाजूला सारणे आणि जतन करून जागेवर ठेवणे यांसाठी वेगवेगळ्या आज्ञा होत्या. १९८४च्या मॅकिंटॉशवर क्लोज आणि क्विट ही जोडी आली. मॅकवर शेवटची विंडो मिटली तरी बहुतेक प्रोग्रॅम चालूच राहतात. विंडोजवर सहसा तिच्याबरोबर प्रोग्रॅमही संपतो. लिबरऑफिसमध्ये कंट्रोल-डब्ल्यूने समोरची फाइल मिटते, तर कंट्रोल-क्यूने उघड्या असलेल्या साऱ्या फाइलींसह प्रोग्रॅमच बंद होतो. कीबोर्डवर ही दोन अक्षरे शेजारी आहेत, म्हणून मेनूतला मजकूर आणखीच नेमका हवा.

महाराष्ट्रात डीटीपीवाल्यांनी श्रीलिपी फॉन्टमधला मराठी मजकूर वर्षानुवर्षे पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजी मेनूखाली लावला. २००१मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून संगणक गावोगावी पोचला. बोलण्यात 'सेव्ह कर', 'क्लोज कर', 'फुलीवर क्लिक कर' हेच रुळले. मराठी मेनूत मात्र नुसते 'बंद करा' पुरत नाही, कारण मराठीत दिवा, दुकान आणि खुद्द संगणकही बंदच करतात. एखाद्या टायपिंगच्या दुकानात नवशिक्याने अर्ज अर्धा टाइप केला असेल, तर तो या दोन शब्दांपाशी थबकणे अगदी रास्त आहे. 'ही फाइल बंद करा', 'सर्व विंडो बंद करा', 'प्रोग्रॅममधून बाहेर पडा' असे लिहिले की शंका उरत नाही. मेनू थोडा रुंद होतो, तो होऊ द्यावा.

जतन न केलेले काम असल्यास येणाऱ्या प्रश्नालाही हेच लागू. 'बदल जतन न करता बंद करायचे?' याखाली 'होय' आणि 'नाही' असली बटणे घातक ठरतात: सवयीने 'होय' दाबले की काम गेले. बटणांवर क्रियाच लिहावी: 'जतन करा', 'जतन करू नका'. तिसऱ्यावर 'रद्द करा'पेक्षा 'फाइलकडे परत जा' बरे. काय रद्द होणार, बंद करणे की केलेले काम, हा घोळ त्यात नाही.