कार्यालयातल्या फोटोतल्या आजी

आपल्या सोसायटीच्या कार्यालयात, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, २००१ सालच्या गणेशोत्सवातला एक फोटो लावलेला आहे. नऊवारी नेसलेल्या एक आजी स्टेजवर कमरेला हात लावून उभ्या आहेत. नवीन राहायला आलेली मंडळी विचारतात, "ह्या कोण? कुठल्या विंगमधल्या?" स्मरणिकेच्या निमित्ताने उत्तर एकदाच लिहून ठेवतो. त्या माझ्या आत्या. पण त्यांची हकीकत सांगायची तर थोडं मागे जावं लागेल.

आमचं मूळ गाव सांगलीच्या बाजूचं. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो त्याच प्रयोगाच्या आठवणीत. त्यामुळे आमच्या भागात नाटक म्हणजे जवळजवळ घरचं कुलदैवत. सुगी झाली की नाटक, गणपती आले की नाटक. शेतकरी, शिंपी, शाळामास्तर, पोस्टातले कारकून, सगळे तोंडाला रंग लावायचे. माझे वडील पोस्टात नोकरीला. दिवसा मनीऑर्डरी आणि रात्री तालमी. पायपेटी देवळातून आणायची, पडदे आणि कपडे सांगलीहून भाड्याने, उजेडाला दोन पेट्रोमॅक्स. मध्येच एकाची हवा गेली की निम्मा राजवाडा अंधारात!

स्त्रियांची कामं अर्थात पुरुष करत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दस्तुरखुद्द बालगंधर्वांनी अख्ख्या महाराष्ट्राला वेड लावलं ते स्त्रीभूमिका करूनच. सिनेमाची सुरुवातही तशीच झाली. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच! मात्र १९१३ मध्येच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी कॅमेऱ्यासमोर काम केलं. दुर्गाबाई पार्वती झाल्या, कमलाबाई मोहिनी. याच कमलाबाई गोखले यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. एका बाईने रूढीच्या बाहेर पाऊल टाकलं आणि पुढच्या पिढ्यांना वाट मिळाली.

आमच्या घरात मात्र ती वाट उघडायला फार वर्षं लागली.

आमच्या घरी सिनेमाचं वेडही तितकंच. तंबूतला सिनेमा आला की आजीसकट सगळे बैलगाडीतून जात. प्रभातचा 'संत तुकाराम' पाहताना आजीने चपला तंबूबाहेर काढून ठेवल्या होत्या, देवळात जावं तशा. (परत येताना त्या मिळाल्या नाहीत, हा भाग वेगळा.) त्यात तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस हे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे, हे वडील आम्हाला कौतुकाने सांगत. आत्याचा जीव मात्र 'कुंकू'वर. १९३७ चा तो व्ही. शांतारामांचा चित्रपट. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मनापासून नाकारते. ती भूमिका शांता आपटेंची. आत्याला तो पुढे कधीतरी पाहायला मिळाला, पण तेव्हापासून आरशासमोर तिचा 'नीरा'चा प्रयोग सुरू असे.

१९४७ चा गणेशोत्सव. स्वातंत्र्यानंतरचा पहिलाच, म्हणून गावाने गडकऱ्यांचं 'एकच प्याला' बसवलं. दिग्दर्शक आमचे वडील. सिंधूचं काम एका तरुण मास्तरांकडे. आत्या तेव्हा सतरा वर्षांची. तालमी आमच्याच सोप्यात होत, त्यामुळे तिला सगळं नाटक पाठ. प्रयोगाच्या दिवशी दुपारी मास्तर तापाने फणफणले. आत्या वडिलांना म्हणाली, "दादा, मी उभी राहू? माझी सगळी पाठ आहेत." वडिलांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा एवढंच म्हणाले, "पडद्यावरच्या बाया बघायच्या असतात. आपल्या घरच्या उभ्या करायच्या नसतात." वडील गप्प बसले. प्रयोग रद्द झाला.

ही हकीकत मला आईने सांगितली. वडिलांनी कधीच नाही. पुढे त्यांनी गावात बरीच नाटकं बसवली, पण 'एकच प्याला' पुन्हा हातात घेतलं नाही. मीही बँकेत लागल्यावर आमच्या स्टाफच्या नाटकांत बरीच वर्षं तोंडाला रंग लावला. त्यात आमच्या सहकारी भगिनी सहज काम करत. प्रयोगाला आत्या आली की पहिल्या रांगेत बसायची आणि घरी जाताना कोण कुठे वाक्य विसरलं ते बरोबर सांगायची.

मग २००१. सोसायटीचा दुसराच गणपती. आपण एक एकांकिका बसवली होती. त्यातल्या आजीचं काम करणाऱ्या वहिनींना दोन दिवस आधी माहेरी जावं लागलं. तालीम आमच्याच हॉलमध्ये. आत्या तेव्हा आमच्याकडे राहायला होती, वय एकाहत्तर. काय करायचं यावर सगळ्यांची चर्चा सुरू असताना एक्याऐंशी वर्षांचे वडील खुर्चीतून म्हणाले, "हिला विचारा की. हिची पाठ असतील." आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. भावाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "चोपन्न वर्षं लावलीस रे दादा."

प्रयोगात तिची वाक्यं जेमतेम दहा मिनिटांची. एकही चुकली नाही. पार्किंगमध्ये घातलेल्या मांडवात टाळ्या पडल्या. वडिलांनी मात्र वाजवल्या नाहीत, ते चष्मा पुसत होते. फोटो त्याच वेळचा आहे.

आज दोघेही नाहीत. आता आपल्या सोसायटीच्या नाटकात निम्म्याहून अधिक मुली आणि सुना असतात, आणि तालमीला उशीर झाला तर घरचे पुरुष कुकर लावतात. कुणाला त्याचं नवल वाटत नाही. वाटू नयेच. फक्त कार्यालयात मेंटेनन्सचा चेक द्यायला गेलात की त्या फोटोकडे एकदा बघा. खाली नाव नाही, म्हणून हा लेखप्रपंच.